इहिनीच्या रश्श्यानं धुतलेले हात

घाटंजी तालुक्यात पंगतीच्या रीतीभाती माह्यावानी कोनालेच समजत नाई. याच शहान्यानं जपानात पोरीच्या होनाऱ्या सासूच्या, माह्या इहिनीच्या घरी रश्श्यानं हात धुतले.

मी लग्नाकार्यात वाढनारा मानूस. शाळा दुसरीतच सुटली, पन पंगत काई सुटली नाई. पोरगी मात्र शिकली अन् नोकरीले जपानात गेली. तिथंच तिनं पोरगा पाह्यला. त्याच्या मायचं डोंगराकडच्या गावात जुनं लाकडी घर. पावन्यायले राहू घालते, जेवू घालते, तोच तिचा धंदा. तिनं मले अन् बायकोले बलावलं. पोरगी रस्त्यातच म्हने, "बाबा, त्याच्या मायनं हो म्हटलं तं लग्न. तुमी फक्त गप जेवजा."

"आता जेवाले बी शिकवतं का वं मले?" मी म्हटलं.

आमी दोघं, पोरगी अन् थो पोरगा चटईवर बसलो. पुढं ठेंगना मेज. थे बाई गुडघ्यावर बसूनच दार सरकवे, गुडघ्यावर बसूनच लावे. ताट नाई, पत्रावळ नाई, नुसत्या इवल्या इवल्या वाट्या. काड्यायनं खानं मले जमेना. मासोळीचा तुकडा उडून बायकोच्या पदरात पडला. मंग मी बोटानं सुरू झालो. बाईनं पाह्यलं अन् न पाह्यल्यावानी केलं.

वाट्या सरल्या. मले वाटलं, झालं जेवन. तेवढ्यात बाईनं माह्यापुढं मातीची छोटीशी किटली ठेवली. झाकनावर उलटी वाटी, तिच्यावर हिरव्या लिंबाची फोड.

"पाह्य!" मी बायकोले म्हटलं, "यवतमाळच्या मोठ्या हाटेलात लिंबू टाकून कोमट पानी देतेत ना, थेच हे. पन किटलीत! सोय पाह्य लोकायची!"

"पोरीले इचारा आंधी."

"त्यात काय इचाराचं?"

लिंबू बोटायले चोळलं, समोरची उष्टी वाटी ओढली अन् आपुन घरी ताटात धुतो तसे किटली कलती करून वाटीतच हात धुवाले लागलो. चटका बसला, पन सोडलं नाई. म्हटलं, जपानी पानी असंच असन. मंग झाकन सरकलं अन् किटलीतून एक झिंगा माह्या अंगठ्यावर पडला. त्याच्यामागून मशरूमचे काप.

पोरगी पांढरी पडली. "बाबा, थो रस्सा होये! त्याच्या मायनं सकाळपासून केला." पोरगा मान खाली घालून बसला, कान लाल. मी तं पोरीकडं पाहूच शकलो नाई. तिचं लग्न माह्या बोटायवरून गळून राह्यलं होतं.

आमच्या पंगतीत कोनी असं केलं असतं तं मीच मांडवभर वरडून दाखवलं असतं. ही बाई ना हासली, ना दचकली. दोन्ही हातानं गरम वला रुमाल पुढं केला. मी वले हात तसेच धरून बसलो, तं तिनंच एकेक बोट पुसलं, नखात अडकलेला काप काहाडला. आत गेली, दुसरी किटली आनली. सोतासाठी बी एक. आपल्या किटलीत लिंबू पिळलं, झाकनावरच्या वाटीत ओतलं अन् मले दिसन असं हळूहळू पेली. शिकवलं, पन शिकवून राह्यली असं वाटू देलं नाई. एवढ्या पंगती वाढल्या मी, पन असं वाढनं मले काई जमलं नाई.

रस्सा तोंडात गेला तवा समजलं, मी काय सांडलं थे.

मंग बाई पोरीकडं पाहून काईतरी बोलली. पोरीच्या डोळ्यात पानी.

"काय म्हनते वं?" मी पोरीले इचारलं.

"हो म्हनते, बाबा."

घाटंजीले आल्यावर ओट्यावर चार लोकायले मी सांगून राह्यलो होतो, का पाहा, माह्या हातानंच लग्न जमलं. आतून बायको म्हने, "तिनं पोरगी पसंत केली. तुमाले तं नुसतं पुसून घेतलं."