थेंब उडवणारा गलाईवाला

फरशी फसफसली आणि गलाईवाला ताडकन उठला. समोरच्या फौजीने ग्लास ओठाजवळ नेला होता. हा ओरडला, पण घशातून नुसती हवा बाहेर आली.

माणूस कसा होता ते सांगते. विट्याकडचा. परमुलखात सोनं गाळून शुद्ध करायचं काम करायचा, त्याला गलाई म्हणतात. सांगली स्टेशनसमोरच्या बारात मी भटारखाना सांभाळायची. गावाकडून परत निघाला की दुपारच्या गाडीआधी तो आमच्याकडे येऊन बसायचा. सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुराने त्याचा आवाज बसला होता, नाक मेलं होतं, बोटं हळदीसारखी पिवळी पडली होती. प्यायचा ती व्होडका, पाणी न घालता.

"चव तरी कळती का रं?" मी एकदा विचारलं.

"न्हाई, मावशी. पर गाडीत चढायचा धीर येतो."

प्यायच्या आधी ग्लासात बोट बुडवून तो जमिनीवर थेंब उडवायचा. पुष्कळ जण उडवतात, तुम्ही पाहिलं असेल. हा मात्र देवाला पाणी घालावं तसा उडवायचा. "आधी भुईला, मग मला."

"आन् फरशी कोण पुसणार, तुजी भुई व्हय?" मी म्हणायची. मग तो फडकं मागून स्वतःच पुसायचा.

एकट्याने त्याला घोट उतरत नसे. टेबलावर समोर कुणीही असो, आपल्याआधी तो त्या माणसाचा ग्लास भरायचा.

त्या दुपारी रजा संपवून निघालेला एक फौजी समोर बसला होता. वेटर येईना आणि गाडीची घोषणा झाली.

"थांबा, माझ्याकडं हाय," म्हणत याने पिशवीतून क्वार्टर काढली. पिशवीत तसल्याच दोन बाटल्या होत्या. एकीत उरलेली व्होडका, दुसरीत तेजाब. भाऊबंदांचे जुने दागिने गाळून उरलेलं. ओळखायला म्हणून तो तेजाबाच्या बाटलीच्या गळ्याला दोरा बांधायचा. तेजाबाच्या वाफेने तो दोराच कुजून गळून पडला होता. मी मिरच्या तळत होते, सगळा बार खोकत होता. वास कुणाला येणार?

हाताला आलेल्या त्या क्वार्टरमधून त्याने दोन्ही ग्लास भरले.

"तुमी घ्या की आधी," फौजी म्हणाला.

"आवं, आधी पावणं. घ्या, गाडी सुटंल."

फौजीने ग्लास उचलला. याने बोट बुडवलं, थेंब उडवले आणि शहाबादी फरशीवर फेस आला.

व्होडकाने फरशी फसफसत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आवाज निघेना म्हणून तो टेबलावरून झेपावला आणि ग्लासावर हात मारला. ग्लास उडाला, तेजाब त्याच्याच तोंडावर आलं.

मी घागर घेऊन धावले. फौजीने त्याचं डोकं मोरीवर धरलं, मी पाणी ओतत राहिले.

"डोळं उघड, मेल्या!"

"पावणं?" तो घोगऱ्या आवाजात विचारत होता.

"पावणं धड हाय. तू डोळं उघड!"

उजवा उघडला. डावा उघडेना.

फौजीने त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. गाडी कधी गेली ते आम्हाला कळलंही नाही.

गलाईवाला पुन्हा बारात आला नाही. कुणी म्हणतं गलाई सोडली, कुणी म्हणतं बसने जातो. मला ठाऊक नाही. पुढच्या रजेला फौजी येऊन सांगून गेला तेवढंच खरं धरते. फौजीच्या ओठाला डागही नव्हता. गलाईवाला जगला, एका डोळ्यानिशी.