अप्पा, धरण आणि एकवीस किलोमीटर

पैसे भरून पळायला लोक का जातात, हे कोडं मला फार दिवस सुटलं नव्हतं. आमच्या लोहाऱ्यात कुणी पळताना दिसलं तर मागं कुत्रं लागलंय की एसटी सुटतेय, एवढंच आम्ही विचारतो. त्यामुळे तेरजवळच्या धरणाकाठी अर्धी मॅरेथॉन असते असं ऐकलं तेव्हा मला राहवेना. आपणच पळून बघावं म्हटलं. सोबतीला अप्पा, माझे वडील. वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं होतं. कापडाचं दुकान भावावर सोपवून ते चालता चालता पळायलाच लागले होते.

पहिल्या वर्षी फजिती झाली. शेवटच्या टप्प्यात वेळ संपली म्हणून आयोजकांच्या जीपनं अप्पांना उचललं. विनातिकीट सापडलेल्या माणसासारखे ते जीपमध्ये मान खाली घालून बसले होते. मला ते फार लागलं. पुढच्या वर्षी अप्पा शर्यत संपते त्या शेवटच्या कमानीखालून वेळेत आणि स्वतःच्या पायांनी जाणार, असं मी ठरवूनच टाकलं. मग वर्षभर रोज पहाटे त्यांच्या मागं लागले.

"अगं, माणूस हाय का बैल हाय त्यो?" अव्वा, म्हणजे आई, म्हणायची.

यंदा आम्ही तिघं अंधारातच निघालो. गाडी मी चालवत होते. मागं अव्वा शेंगाच्या पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. अप्पांची अंघोळ घरीच झाली होती, पण पूजा राहिली होती. आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. उजाडल्यावर ते तळहातावर घेऊन पूजा करायची आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. ढोकीला आत्याकडे थांबायचं, तिथं पूजा उरकायची आणि मग पुढं तेरला जायचं, असा माझा चोख बेत होता.

बेत करताना मी एकच गोष्ट विसरले. हंगाम उसाचा होता. ढोकीच्या अलीकडे ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि त्यात एक ट्रॉली रस्त्यावर आडवी झाली होती. बाकीचे ड्रायव्हर खाली उतरून निवांत ऊस सोलून खात होते. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले. एकानं खिडकीशी येऊन मलाच एक कांडं दिलं. "खावा ताई. आता काय लगेच न्हाय हलत." वाट मोकळी झाली तेव्हा आत्याचं घर मागं टाकून थेट धरण गाठावं लागलं. आम्ही पोचलो आणि शर्यत सुटली.

धरणाचा काठ त्या वेळी फार सुंदर असतो. पाण्यावर धुकं, पलीकडे हरभऱ्याची शेतं. एक जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरत गेलेला आहे. तो कुठं जात असेल, खाली अजून गाव असेल का, असं मी अप्पांना विचारत होते. ते हसून म्हणाले, "पळ गुमान. हिला नुसते प्रश्न." निम्मं अंतर गेलं, ऊन चढलं, तसं त्यांचं हसणं बंद झालं. ओठ सुकले. पाण्याच्या टेबलावर पोरं ग्लास पुढं करत होती आणि अप्पा हातानंच नको म्हणत होते.

माझा पारा चढला. "अप्पा, घोटभर प्या. पूजा नंतर करा. देव काय पळून चाललाय का?"

"देव कशाला पळंल?" ते म्हणाले. "पळतोय म्या. बसू दे जरा."

आणि ते खरंच रस्ता सोडून भरावाच्या दगडांवरून खाली उतरले. वाटेत तरवडाचं पिवळं फूल तोडलं. पाण्यात हातपाय धुतले, खिशातल्या पुडीतलं भस्म कपाळाला लावलं आणि डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसले. मी वर उभी. अप्पांची पूजा मी कधी नीट बघितलीच नव्हती. घरी ते बसले की आम्ही पाय न वाजवता बाहेर जायचो. आता दिसत होतं. ओंजळीतलं पाणी, ते फूल आणि त्या काळ्याभोर लिंगावर खिळलेली त्यांची नजर. त्यात काय दिसत असेल? धरण? आपलंच तोंड? की काहीच नाही? मला खूप कुतूहल वाटत होतं आणि त्याच वेळी मी सारखी घड्याळ बघत होते. जीप केव्हाही मागून येणार होती.

थोड्या वेळानं अप्पांनी लिंग परत डबीत ठेवलं आणि उठले. वर येऊन दोन ग्लास पाणी प्याले, केळं खाल्लं आणि असे सुटले की मलाच त्यांना गाठता येईना. जीप आमच्या मागं मागं होती. पोरं कमानीची दोरी सोडायच्या तयारीत असतानाच आम्ही दोघं खालून गेलो. अप्पांच्या गळ्यात पदक पडलं. मी आनंदानं अक्षरशः नाचले. अव्वाच्या डोळ्यांत पाणी.

"बघा अप्पा," मी म्हटलं, "पूजाबी झाली, पदकबी मिळालं. उगीच घाबरत होते मी."

"पुरी कुठं झाली?" ते सहज म्हणाले. "निम्म्यातच उठलो, पाणीबी तसंच प्यालो. वर तू उभी व्हतीस, तोंड एवढंसं करून. बघवंना मला. जन्मात पहिल्यांदा उठलो असा."

त्यांना कमानीखालून न्यायचं म्हणून मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं, आणि ते मात्र माझ्यासाठी पळत आले होते.

अप्पांनी पदक काढून अव्वाच्या हातात दिलं. "राहिलेली करून येतो," म्हणाले आणि पाण्याकडे निघाले.

मी मागं गेले. "बसू का जवळ?"

"बस की," ते म्हणाले. "पण काय विचारू नको."