मागे बांधलेले हात

इथे परदेशात, श्रूजबरी गावातल्या आमच्या चर्चमध्ये ते कायम शेवटच्या बाकावर बसतात. स्वतः फादर, पण वेदीवर उभं राहून मिस्साचा प्रार्थनाविधी करत नाहीत. खुर्च्या लावतात, पार्किंग लॉटमधला बर्फ काढतात आणि कुणी बोलू लागलं की हात पाठीमागे बांधून ऐकतात.

एकेकाळी ते त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी होते, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. "देश तर स्वतंत्र झाला, मग फादर, परत का नाही गेलात?" मी एकदा आगाऊपणे विचारलं.

"लढायला निघालेल्या पोरांच्या डोक्यावर मी हात ठेवायचो," ते म्हणाले. "आता तिथे गावागावात, परत न आलेल्या त्या पोरांच्या आया आहेत."

यंदा वसईहून माझी ऐंशी वर्षांची आई आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फादर आहेत म्हटल्यावर ती पदर सावरून सरळ त्यांच्यापुढे वाकली. "आशीर्वाद द्या, फादर."

त्यांचे हात काही पुढे येईनात. मी मध्ये पडणार, तोच ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आईपुढे मान खाली घातली. ती गोंधळली. मग तिनं त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. "सुखी राहा, बाळा."

परत येताना गाडीत आई म्हणाली, "कसे लेकरासारखे बसले रे माझ्यापुढे! त्यांना म्हणावं, एकदा घरी जाऊन या. तिथे कुणीतरी वाट बघत असेल."