उसनी मुलं आणि ख्रू लमून

लमून म्हणजे मऊ, हळुवार. हे नाव ठेवलं तेव्हा बाळ नक्की झोपलेलं असणार, याबद्दल आमच्या बान नोंगसिममध्ये दुमत नाही.

मी या गावात आलो तो जावई म्हणून. आमच्या इसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. त्यात लाजण्यासारखं काही नसतं, फक्त पहिलं वर्षभर सासरच्या म्हशीसुद्धा तुमच्याकडे जरा वरून बघतात. तर आमची वरात ढोल वाजवत शाळेवरून चालली होती आणि अचानक आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. ढोलवाल्याच्या हातातून काठी पडली. शेतातले बगळे उडाले ते थेट मेकाँग नदी ओलांडून लाओसात उतरले आणि बहुधा तिथलेच झाले. माझी सासू, जिला सगळा तालुका वचकून असतो, ती माझ्या पाठीमागे लपली. फाटकात एक बुटकी, गोल बाई खडू घेऊन उभी होती.

"मुलांची परीक्षा चालू आहे, ढोल बंद करा. आणि नवरदेव, तुम्ही उंच दिसता. दुपारी या, छताखालची पट्टी रंगवायची राहिलीय."

मी दुपारी गेलो. लग्नाच्याच दिवशी. नाही म्हणण्याचा पर्याय असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

ती शाळा म्हणजे लाकडी खांबांवरची लांबलचक खोली, पुढे झेंड्याचा खांब, मागे पपईची झाडं. वर्ग सहा आणि शिक्षक एकटी ख्रू लमून. आम्ही शिक्षकांना ख्रू म्हणतो. दुसऱ्या बाई लग्न करून गेल्या, त्यांच्या जागी सरकारने दूरदर्शन संच पाठवला. त्यातले गुरुजी दूरच्या कुठल्याशा शाळेतून शिकवायचे. ते प्रश्न विचारून थांबत आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणत, "शाब्बास मुलांनो." आमच्या पोरांना सहाही वर्षं कधी उत्तर चुकल्याचं आठवत नाही. ख्रू त्या संचाला "आमचे जावई" म्हणायची. सगळ्याला हो म्हणतो आणि काम काही करत नाही. हे ती माझ्याकडे बघून म्हणायची.

दुपारी आज्या आळीपाळीने स्वयंपाक करत. जेवण झालं की सगळी पोरं हौदापाशी ओळीने बसून दात घासत आणि त्या ओळीमागून ख्रू फिरत असे. तिने एकदा नुसतं "मागचे दात" म्हटलं, तर रस्त्यावरून जाणाऱ्या भिक्खूंनीही तोंडं मिटली.

पोरं कमी होत चालली होती. आईबाप बँकॉकच्या कारखान्यांत, पोरं आज्यांकडे. मग हळूहळू पोरंही बँकॉकला. पट फार खाली आला की शाळा बंद आणि मुलं मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत, हा नियम. म्हणजे पहाटे झोपेतली पोरं उचलून उघड्या गाडीत घालायची. आज्यांना रस्ता ओलांडायची भीती, त्या पार तिकडे कुठे जाणार? ख्रूने लग्न केलं नव्हतं. शाळा गेली तर तिच्याकडे काय उरणार, हे गावात कोणी बोलत नसे.

तपासणी ठरली तेव्हा पटावरची बरीच नावं कधीच बँकॉकला गेलेली होती. गावचे प्रमुख थोंगखामकाका यांनी तोडगा काढला. बहिणीच्या गावातून तेवढीच पोरं एका दिवसापुरती आणायची आणि गेलेल्यांची नावं त्यांच्याकडून पाठ करून घ्यायची.

"उसनी पोरं आणायची? ते काय कोयते आहेत?" ख्रूने विचारलं.

"ख्रू, खोटं मी बोलतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

ख्रू गप्प बसली. ती गप्प बसली की त्याचा अर्थ काय, हे गावाला ठाऊक नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. काकांनी तो होकार धरला.

काकांनी सगळ्याचा विचार केला, एक गोष्ट सोडून. आमच्याकडे मूल जन्मलं की भुताखेतांनी नेऊ नये म्हणून त्याला भलतंच काही हाक मारतात. बेडूक, डुक्कर, भोपळा. हल्ली बँक, गोल्फ, बिअरसुद्धा. खरं नाव भिक्खू जन्मवार पाहून देतात. ते इतकं लांब आणि भारदस्त असतं की एवढ्याशा अंगाला पेलत नाही, म्हणून दाखल्यावरच राहतं. घरात दुखणी वाढली की आई तालुक्याला जाऊन तेही बदलून येते आणि परत बँकॉकची बस धरते. आजीला माहीत असतो भोपळा. ख्रूही हजेरी भोपळा म्हणूनच घ्यायची.

तपासणीचे साहेब आले. तरुण, इस्त्रीचा गणवेश, बोलणं अगदी मऊ. हजेरी मीच घेतो म्हणाले. मी आणि सगळ्या आज्या खिडकीला चिकटलो होतो.

"थनाकॉर्न."

"हजर," एक उसना मुलगा ताडकन उभा राहिला.

"सिरिवन्नापॉर्न."

कोणी हललं नाही. सिरिवन्नापॉर्न, म्हणजे आमची भोपळा, छतावरची पाल बघत होती. पुढेही तसंच चाललं. उसनी पोरं फटाफट उठत होती आणि आमची पोरं ही मोठ्या नावांची माणसं कोण, कधी येणार, म्हणून दाराकडे माना वळवत होती. ख्रूने भोपळाला हळूच खूण म्हणून "अगं" म्हटलं, तर बाहेरची कोंबडी उडाली.

साहेबांनी पेन थांबवलं. "ख्रू, ज्यांना आपलं नाव माहीत आहे ती या शाळेची, असं मी धरतो. बाकीची कुठून गोळा केलीत?"

काका खिडकीतून मान हलवत होते, गप्प राहा, गप्प राहा. ख्रू गप्प राहिली असती तर निदान उत्तर देणारी पोरं पटावर राहिली असती.

"साहेब, उलट आहे," ख्रू म्हणाली. तिच्याकडे एकच आवाज होता, त्यामुळे हे बाजारापर्यंत ऐकू गेलं. "उत्तर देणारी उसनी आहेत. गप्प बसलीत ती माझी. हा बेडूक. ही भोपळा, अजून वजाबाकी येत नाही. हा बँक, याचा बाप कोरियाला जाऊन परत आला नाही. ही माझीच आहेत, साहेब."

काका पायरीवर टोपी तोंडावर घेऊन बसले.

साहेबांनी पटाची पानं मागेपुढे चाळली. मग म्हणाले, "आता मला दोन्ही लिहावं लागेल. पट कमी आणि हजेरी खोटी."

"लिहा."

काय झालं ते पोरांना कळलं नाही. हजेरी संपली म्हणून ती जेवली आणि सवयीप्रमाणे हौदापाशी ओळीने बसली. उसनी पोरंही बसली, त्यांच्याकडे ब्रश नव्हते, त्यांनी बोटांनी घासले. त्या दिवशी ओळीमागून कोणी फिरलं नाही.

मे महिन्यात शाळा बंद झाली. ख्रू लमूनची बदली तालुक्याच्या कार्यालयात सामानाच्या खोलीवर झाली. निवृत्त झाल्यावर ती दूर खोराट शहरात बहिणीकडे राहायला गेली आणि मागच्या पावसाळ्यात साखरेच्या आजाराने वारली. अंत्यविधीला गावातून कोणी गेलं नाही, भाताची लावणी चालू होती.