दाजींच्या गाण्यातल्या चार मात्रा

मराठवाड्यात विजेवरची गिटार सगळ्यात आधी कोणी वाजवली याबद्दल मतभेद होऊ शकतील, पण ती बंद करा असं सगळ्यात जास्त वेळा कोणाला सांगितलं गेलं, याबद्दल औरंगाबादेत तरी दुमत नाही. ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेजाऱ्यांनी सांगितलं, फोरमननं सांगितलं, एका लग्नात खुद्द नवरदेवानं हात जोडून सांगितलं, आणि एकदा तर दिव्याच्या खांबावर चढलेल्या लाइनमननं वरूनच सांगितलं. दाजी प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत, आवाज थोडा कमी करत, आणि तो माणूस दिसेनासा झाला की पुन्हा होता तिथं आणत. भांडण त्यांनी आयुष्यात कोणाशी केलं नाही. त्यांच्या हातून जी एक वाईट गोष्ट घडली, तीही भांडण टाळण्याच्या या सवयीतूनच घडली. तिच्यात माझाही हात होता, म्हणून ती सांगायला इतकी वर्षं लागली.

दाजी करमाडकडचे. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आयटीआय करायला शहरात आले तेव्हा स्टेशनजवळच्या एका लॉजवर पाहुण्यांना खोल्या दाखवायचं काम करत. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले लांब केसांचे परदेशी तिथं उतरत. त्यातल्या एकाला हिवताप झाला. दाजींनी पंधरा दिवस त्याला पेज करून घातली आणि तो अंथरुणात पडल्या पडल्या यांना गिटार शिकवत राहिला. बरा होऊन जाताना त्यानं गिटार दिली आणि दाजींनी आपल्या वडलांनी विणलेलं काळं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. ही बातमी करमाडला पोचली तेव्हा वडलांनी विचारलं, "घोंगड्यानं थंडी जाती. ह्यानं काय जातं?" दाजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, "झोप जाती."

पुढं चिकलठाण्याला कारखाने उभे राहू लागले आणि दाजी एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटले. मीही तिथंच स्टोअरमध्ये कारकून होतो. त्यांचे केस तोवर खांद्यावर आले होते. फोरमन म्हणाला, मशीनमध्ये जातील, कापा. दाजींनी केस कापले नाहीत. ताईच्या जुन्या पातळाची चिंधी डोक्याला घट्ट बांधून ते कामावर येऊ लागले, आणि पाठमोरे दिसले की नवे कामगार त्यांना 'मावशी' म्हणून हाक मारत. दाजी 'ओ' देत. गाणं डोक्यात शिजत असलं की त्यांना जगाचा पत्ता नसे. एकदा ताईनं त्यांना गुलमंडीवर आईसाठी खणाचं कापड आणायला पाठवलं, तर ते स्पीकरला लावायला पाच मीटर काळं रेक्झीन घेऊन आले. आईनं ते बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हणाली, "रंग तेवढा गडद आहे." मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिचं नाव हट्टानं 'लय' ठेवलं. आमच्याकडं 'लई' म्हणजे पुष्कळ, त्यामुळं त्या पोरीचं बालपण एकाच संवादात गेलं. "नाव काय गं तुझं?" "लय." "लय काय?" शेवटी शाळेतल्या बाईंनी कंटाळून हजेरीपटावर 'लता' लिहिलं. दाजी शाळेत गेले, बाईंचं शांतपणे ऐकून घेतलं आणि परत आले. भांडले नाहीत. आजही त्या मुलीच्या दाखल्यावर लताच आहे.

उत्तम त्यांना कारखान्यातच भेटला. प्रेसवर काम करायचा. प्रेसचा ठोका पडला की पुढच्या ठोक्यापर्यंत हा लोखंडी टेबलावर बोटांनी काहीतरी भरून काढायचा. ते दाजींनी ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले. त्यानंतर सहा वर्षं ते तिथंच बसत होते. उत्तमनं टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधले भाग काढून दाजींच्या गिटारीला विजेचा आवाज दिला. स्वतःसाठी एका बंद पडलेल्या बँडपथकाचे ड्रम आणि कारखान्यातले तेलाचे रिकामे डबे जोडून एक प्रचंड प्रकार उभा केला. त्याचे वडील गावात हलगी वाजवायचे. धर्मांतरानंतर त्यांनी ती खाली ठेवली ती कायमची. एकदा मी उत्तमला विचारलं होतं, मग तू कसा वाजवतोस? तो म्हणाला, "बाप हुकमानं वाजवायचा. मयत झाली, वाजव. वरात आली, वाजव. मी माझ्या मनानं वाजवतो. मनात नसलं तर नाय वाजवत. एवढाच फरक, पण लई मोठा हाय."

दोघांनी मिळून मराठीत रॉक गाणी केली. तेव्हा आसपास असं काही कोणी करत नव्हतं, आणि ती ऐकल्यावर पुढंही कोणी करू नये असं बहुतेकांचं मत पडलं. 'भोंगा झाला, डबा बांध, उरला जीव खिशात ठेव' हे त्यांचं गाजलेलं गाणं. गाजलेलं म्हणजे तिन्ही पाळ्यांना पाठ होतं. करमाडला दाजींच्या चुलतभावाच्या लग्नात ते पहिल्यांदा मोठ्या आवाजात वाजलं, तेव्हा वाड्यातली सगळी मेंढरं कुंपण तोडून जालना रोडला लागली. वऱ्हाड अक्षता हातात धरून बसलं आणि दाजी गळ्यात गिटार तशीच ठेवून रस्त्यावर मेंढरं वळत होते. पलीकडच्या बाजूनं उत्तम वळत होता. दाजींचे वडील मंडपात पाहुण्यांना सांगत होते, "मेंढरांना कळतं. माणसं बसून राहिली ती जेवणासाठी."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. उत्तमचं गाव बिडकीनपासून बरंच आत. तिथं त्याच्या आईवडलांचं घर जाळलं. म्हातारा-म्हातारी अंगावरच्या कपड्यांनिशी चालत निघाली आणि उत्तमच्या शहरातल्या एका खोलीत येऊन राहिली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माणसं आता वेगवेगळी बसू लागली. दाजी मात्र डबा घेऊन उत्तमसमोरच बसत.

गणपतीत कामगार वसाहतीच्या मंडळानं दरवर्षीप्रमाणे दाजींचा कार्यक्रम ठेवला होता. मंडळाचे दोघं घरी आले. त्यात आमचा फोरमन होता. चहा घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "वातावरण बरं नाही. उत्तमला आणू नका. त्याच्याच भल्याचं सांगतोय. ढोलकवाला आम्ही देतो." त्या महिन्यात दाजींना नोकरीत कायम करण्याचा कागद फोरमनच्या टेबलावर होता. तो त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. ते दोघं गेल्यावर त्यांनी कपबशा उचलून मोरीत नेऊन ठेवल्या. मग मला म्हणाले, "उत्तमला सांगून ये. कार्यक्रम रद्द झाला म्हणावं."

मी म्हणालो, "खरं सांगितलं तर समजून घेईल तो."

"समजून घेईल," दाजी म्हणाले. "म्हणून तर सांगवत नाय."

मी गेलो. उत्तमचे वडील दारात बसले होते. उत्तम बाहेर आला. मी रद्द म्हणालो तेव्हा तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बरं. मग सुट्टीच म्हणायची."

कार्यक्रम संध्याकाळी झाला. कर्ण्यांचा आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत जात होता आणि उत्तमची खोली फाटकाच्या अलीकडंच होती. हे मला माहीत होतं, दाजींनाही माहीत होतं. दाजींनी 'भोंगा झाला' वाजवलं. लोकांनी पहिल्यांदाच कौतुक केलं, कारण ढोलकीमुळं ते त्यांना ओळखीच्या गाण्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत दाजी डबा घेऊन गेले. उत्तम जेवत होता. एरवी तो त्यांना 'उस्ताद' म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. त्या दिवशी घास गिळून म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात तुमचा ढोलकवाला मागं पडत होता." तेवढंच. 'तुमचा' म्हणाला. मग डबा झाकून उठला. आठवड्याभरात त्यानं पाळी बदलून घेतली आणि दिवाळीआधी आईवडलांना घेऊन पुण्याला गेला. दाजी कायम झाले. तो कागद त्यांनी ताईला दाखवला, तेव्हा ताईनं तो वाचला, घडी केली आणि म्हणाली, "लयच्या पाटीखाली ठेवा. उडायचा नाही."

त्यानंतर दाजींनी कोणालाही ड्रमवर बसू दिलं नाही. वाळूजला मोठे कारखाने आले, त्यांचे वार्षिक समारंभ आले, तयार ड्रमवाले रांगेत उभे राहिले. दाजी एकटेच वाजवत. आणि जिथं उत्तमचा तुकडा असे, तिथं हात तारांवरून उचलून चार मात्रा गप्प उभे राहत. लोकांना वाटे गाणं संपलं. ते टाळ्या वाजवत आणि दाजी पुन्हा सुरू करत. एका समारंभात पाहुण्या साहेबांनी अशा पाच विरामांत पाचदा उठून हार घातला. दाजींनी पाचही हार शांतपणे घालून घेतले. आम्ही घरी येऊन पोट धरून हसलो. दाजीही हसले. नंतर मोरीत तोंड धुवायला गेले ते फार वेळ धूत राहिले.

वर्षं गेली. नामविस्तार झाला त्या दिवशी दाजी सकाळीच आंघोळ करून तयार झाले आणि मला म्हणाले, "चल." विद्यापीठाच्या वेशीकडं जाणारा सगळा रस्ता माणसांनी भरला होता. म्हाताऱ्या बाया नाचत होत्या. दाजी रस्त्याच्या कडेला उभे राहून एकेक चेहरा बघत होते. दुपार कलली तेव्हा उत्तम दिसला. केस पिकलेले, अंगावर पांढरा सदरा, हातात वडलांचा फ्रेममधला फोटो. दाजी पुढं झाले. म्हणाले, "उत्तम, त्या दिवशी मी खोटं सांगितलं होतं."

"मला माहीत हाय."

"मला माफ कर."

उत्तमनं गर्दीकडं बघितलं. मग फोटो दुसऱ्या हातात घेऊन म्हणाला, "आज नको. आज मी बापासंगं आलोय." त्यात राग नव्हता. पण तो लगेच गेलाही नाही. आम्ही तिघं टपरीवर चहा प्यायलो. गुडघे, साखर, पुण्यातली पाण्याची बोंब, असं काहीबाही तो बोलत राहिला आणि दाजी फक्त मान हलवत राहिले.

घरी आलो तर ताई दारातच उभी होती. "भेटला का?"

"भेटला."

"काय म्हणाला?"

दाजी चप्पल काढत म्हणाले, "लेकीचं लग्न ठरलंय म्हणाला. मे महिन्यात."

"बोलावलंय का?"

"नाय." दाजींनी चपला भिंतीशी लावल्या. "पण दुसरा रविवार म्हणाला. आणि कार्यालय कुठं आहे तेबी सांगितलं."

ताईनं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "पुण्याला पहिली एस.टी. किती वाजता असते रे?"