विहिरीने आधी म्हटलं

मंडळी, लिहू की नको, लिहू की नको करत बरेच दिवस घालवले, आता लिहितेच. माझ्या घरी लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकघरात सापडते. गिरगावातल्या एका शाळेत मी नववी-दहावीला सायन्स शिकवते. कोणी सावली, पैंजण, अमावास्या सुरू केलं की माझं वाक्य ठरलेलं — "आधी चष्म्याचा नंबर तपासून घे." तुम्हीही मला हेच म्हणणार, ते गृहीत धरूनच सांगतेय.

जागा — खोताची वाडी. आमची चाळ वाडीच्या तोंडाशी, आणि थोडं आत गेलं की विन्सीअंकलचं लाकडी जिन्याचं घर. (नाव अर्थातच बदललंय.) मागे अंगण, अंगणात जुनी विहीर, वर लोखंडी जाळी. अंकल ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिश्चन. घरात मराठीच, आणि आपल्यापेक्षा गोड. वय पंच्याहत्तरच्या आसपास. आणि धंदा... छे, धंदा कसला, वेड — कंट्री म्युझिक!

हसू नका. तिकडे अमेरिकेत गुराखी घोड्यावर बसून म्हणतात ना, ती गाणी. अंकलनी घोडा पाहिला तो चौपाटीवरचा, पण हॅट, बूट, गिटार सगळं जय्यत. शेजारचा कोणी बोटीवर नोकरीला होता, तो रेकॉर्ड आणायचा, त्या ऐकून शिकले. दिवसा गोदीत क्लार्क, संध्याकाळी कुलाब्याची हॉटेलं, परळला रेल्वेवाल्यांचे डान्स, चर्चचे फेस्ट. एकदा गल्फमध्येही गाऊन आले. एक कॅसेट निघाली, ती फारशी कोणी घेतली नाही, पण चाळीस वर्षं माणूस गात राहिला. वाडीला मात्र ते ठाऊक होते योडलसाठी. योडल म्हणजे आवाज जाडातून एकदम बारीकात उडी मारतो आणि परत खाली येतो. माझी आई म्हणायची, "सुरू झाला बोकड!" आणि कामं टाकून ऐकत बसायची.

हे योडल अंकल शिकले विहिरीत. खरंच! लहानपणी घरात ओरडू देत नसत, म्हणून विहिरीत वाकून ओरडायचे. आवाज घुमून परत आला की तो ऐकून स्वतःला सुधारायचे. पुढे घरात त्याची रीतच पडली. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीचं पाणी आणायला जातात, नवरीच्या आंघोळीसाठी. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. यांच्याकडे दोर ओढायचा मान मामाचा. आणि अंकल प्रत्येक भाचीसाठी एक नवं योडल बांधायचे आणि विहिरीत म्हणायचे. एकीचं दुसरीला कधी नाही.

मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, माणूस वाचला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाजाची नस दुखावलीय, बोलता येईल, वरची पट्टी विसरा. गिटार पलंगाखाली गेली. पाठोपाठ अंकलही कुठेतरी आत गेले म्हणा ना. फेस्टला नाही, पत्त्यांना नाही, विचारलं तर हूं नाहीतर हां. मला फार वाईट वाटायचं. भांडकुदळ माणूस गप्प झाला की घर कसं ओसाड वाटतं.

या जानेवारीत शेरीलचं लग्न ठरलं. अंकलच्या धाकट्या बहिणीची मुलगी, शेवटची भाची, त्यांच्याच मांडीवर वाढलेली. अंकल म्हणाले, मी विहिरीवर येणार नाही. पाणी आणायच्या आदल्या दिवशी शेरील मला घेऊन गेली समजूत घालायला.

"अंकल, गाऊ नका. नुसता दोर ओढा," मी म्हटलं.

"टीचर, मी तोंड मिटून दोर ओढनार? मग लोक काय बघायला येतील, पानी?"

"पाणीच आणायला जातात!" मीही चिडले.

शेरील रडली-बिडली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मामा, तू नाय आलास तर मी नळाखाली बादली लावते. जा, झोप."

नळाचं पाणी! अंकलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण आले हो, दुसऱ्या दिवशी आले. बिनहॅटचे.

संध्याकाळचे पाच वाजले असतील, लख्ख ऊन. जाळी नुकतीच काढलेली. ट्रम्पेट, ढोल, लुगडं नेसलेल्या बायका, डोक्यावर कळश्या. मी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी, अंकलपासून हातभर लांब. त्यांनी दोर धरला, वाकले. ओठ घट्ट मिटलेले. मी त्यांच्याकडेच बघत होते, कारण मला धास्ती होती की आता हा माणूस रडणार.

आणि खालून योडल आलं.

घुमणं नाही. नुसता हुंकार नाही. स्वच्छ, तरुण, अंकलचा आवाज — जाडातून वर उडाला, वर थोडा थांबला, आणि दोन पायऱ्यांनी खाली उतरला. ट्रम्पेटवाला थांबला. ढोल थांबला. एक म्हातारी छातीवर क्रॉसची खूण करून मोकळी झाली.

अंकलनी दोर माझ्या हातात कोंबला आणि तोंड उघडलं. पहिला सूर फाटला. दुसरा फाटला. तिसरा गेला वर! तेच, जसंच्या तसं. शेरील "मामाऽऽ" करून गळ्यात पडली आणि मग सगळ्यांनी जो काही गोंधळ घातला... मी दोर धरून ढसाढसा रडत होते.

रडून झाल्यावर अर्थातच मी मास्तरीण झाले. पोरांनी स्पीकर सोडला असणार! टॉर्च मारला, बांबूने ढवळलं. पाणी, एक करवंटी, एक प्लास्टिकचा बॉल. पोरांना झापलं, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. शेरीलच्या मैत्रिणीने व्हिडिओ काढला होता. त्यात आवाज आधी येतो आणि अंकलचं तोंड मागाहून उघडतं. सगळे म्हणतात, सिंक गेलंय. मग त्याच व्हिडिओत मागच्या बायकांच्या टाळ्या त्यांच्या हातांशी बरोबर कशा जुळतात? डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, नस कधीकधी उशिरा सुधारते. बरं, मान्य. अंकलचा आवाज सुटला याला उत्तर आहे. पण आधीचा आवाज कोणाचा?

दुसऱ्या दिवशी लपूनछपून मी स्वतः विहिरीत ओरडून आले. विहिरीने माझा आवाज नियमाप्रमाणे नंतरच परत दिला, आणि फार काही बरा नव्हता.

लग्न उरकल्यावर अंकलकडे गेले. म्हटलं, "ते जुन्या कॅसेटवरचं होतं का हो?"

"नाय गो टीचर. ते शेरीलचं होतं."

"म्हणजे?"

"तिचं लग्न ठरल्यापासून डोक्यात बांधत होतो. गळा वर जाईना, तर म्हननार कसं? कोनाला नाय ऐकवलं. बायकोला पन नाय."

मी विचारलं, "अंकल, भीती नाही वाटली तुम्हाला?"

"भीती कसली? मला लाज वाटली. ती विहीर माझ्या पोरीसाठी गाते, आनि मी दोर धरून उभा!"

कोणाकडे खुलासा असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, भांडेनही... फक्त ते सिंकचं नको. अंकल रविवारी पुन्हा गातात. वरचा सूर अजून बरेचदा फाटतो. फाटला की स्वतःच हसतात, घोटभर गरम पाणी पितात आणि परत वर चढतात.