नकाशातली विहीर

भूत, करणी, लागिर... असलं काही मी मानत नाही. माझं शेत स्मशानाला लागून आहे आणि दुपारची भाकरी खाऊन मी तिथंच आडवा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. तेव्हा लिहिण्यात चुकलंमाकलं सोडून द्या. पण या ग्रुपवर पुष्कळ जण ऐकीव सांगतात... मी माझ्या स्वतःच्या हाताचं सांगतोय.

आमचं गाव निपाणीहून चिक्कोडी रस्त्यानं थोडं आत. तंबाखू आणि ऊस. गेल्या माघात बेळगावच्या कॉलेजातली समाजकार्य शिकणारी पोरं-पोरी आठ दिवसांच्या शिबिराला आली, शाळेत उतरली. बरोबर त्यांच्या मॅडम, टिळकवाडीच्या. मॅडमचा स्वतःचाही काही अभ्यास चालू होता, आणि त्यांच्या हाताखाली शुभांगी नावाची मुलगी प्रबंध लिहीत होती — गावातल्या बायका पूर्वी पाणी कुठून आणायच्या, आता कुठून आणतात. मुलगी वडगावची, घरात साड्यांचे माग. बोलायला धीट.

माझ्या डोक्यात तेव्हा दुसराच विषय. गावाला अंगणवाडी मंजूर झालेली आणि जागा मी दिलेली — ओढ्याकडच्या पट्टीतली चार गुंठं. वर माझ्या वडिलांच्या नावाची पाटी लागणार होती. सोमवारी पाया खणायचा. गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी आधी बायकांना मारुतीच्या देवळापुढं बोलावून गावाचा नकाशा काढायला सांगितला. रांगोळीनं रस्ते, घराच्या जागी चिंचोका, पाण्याच्या जागी बांगडी. नियम एकच — कॉलेजच्या पोरांनी हात लावायचा नाही. गावानं काढायचं, त्यांनी बघायचं आणि मोबाईलवर शूटिंग करायचं.

संध्याकाळी मी बघायला गेलो. माझ्या पट्टीत बांगडी.

"ही कुणी ठेवली?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रत्येकीला वाटलेलं, दुसरीनं ठेवली. शूटिंगमध्ये बघितलं तर नुसत्या वाकलेल्या पाठी.

"आप्पा, तिथं विहीर होती काय?" शुभांगीनं विचारलं.

"न्हवती. मी ह्याच गावात जन्मलोय. ह्या समद्या सुना, कुणी संकेश्वरची, कुणी गडहिंग्लजची. ह्यांना काय ठावं?"

"मग काढून टाकू बांगडी?"

"काढ की."

"काढायची नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या म्हाताऱ्या माणसांकडून दुसरा नकाशा काढून घेऊ, मग दोन्ही ताडून बघू." आणि मला बाजूला घेऊन, "आप्पा, विहीर बुजवलेल्या जागेवर पाया खचतो. लहान मुलं बसणार आहेत तिथं. खरं निघालं तर पंचायतीला सांगावं लागेल मला."

मला राग आला. फुकट दिलेल्या जागेत खोट काढतात म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी आम्ही सात-आठ म्हातारे जमलो. मी आधीच सांगितलं, चुन्याची फक्की माझ्या हातात द्या, दुसऱ्यानं कुणी लावायची न्हाय. बाबू माझा लहानपणापासूनचा जोडीदार. तो म्हणाला, "द्या बाई त्याला. चौथीत मास्तरनं खडू दिला न्हाय, तवापासनं रुसलाय."

देवळापुढची फरशी, लख्ख ऊन. मी वेस काढली, मारुती, शाळा, ओढा. सगळं नीट आठवतंय. ओढ्याला लागून माझ्या पट्टीचा चौकोन काढला आणि मोकळा ठेवला. मग पलीकडची बौद्ध वस्ती. उठलो, कंबर सरळ केली, हात झटकले.

सगळे माझ्या पायाशी बघत होते.

खाली बघितलं... चौकोनाच्या मधोमध गोल. गोलाच्या एका अंगाला आडव्या रेघा, पायऱ्या काढाव्यात तशा. आणि तिथनं ठिपक्यांची वाट, सरळ बौद्ध वस्तीपर्यंत.

"कुणी काढलं हे?"

"कुणी म्हंजे? तूच की रं," बाबू म्हणाला. "आम्ही म्हटलं, काल न्हाय म्हणत हुतास, आज आठवलं वाटतं."

"मस्करी नगो करूस."

"मारुतीची आण."

शुभांगीनं मोबाईल पुढं केला. हात माझा. बोटातली तांब्याची अंगठी माझी. मी सावकाश गोल काढतोय, रेघा मारतोय, ठिपके सोडत मागं मागं सरकतोय. मध्येच बाबू काही विचारतो आणि मी नुसती मान हलवतो. यातलं मला काहीही आठवत नाही. पुढं निपाणीच्या डॉक्टरकडून डोकं, बीपी, सगळं तपासून घेतलं. ठणठणीत.

म्हाताऱ्याचा हात घसरला म्हणून सोडून देता आलं असतं, सोमवारी पाया खणला गेला असता. पण मी हट्टी माणूस. म्हटलं, खणूनच दाखवतो काही नाही ते. सकाळी जेसीबी बोलावला.

काळी माती संपली की आमच्याकडं मुरूम लागतो. तिथं लागला राडारोडा — खापऱ्या, राख, धोंडे. मग घडीव दगडाची गोल कड. मग पायऱ्या... वस्तीच्या अंगालाच.

गाव गोळा झालं. वस्तीतली सगळ्यात वयस्कर बाई रखमाक्का, तीही काठी टेकत आली. काठीनं वरची पायरी ठोकून बघितली.

"आई सांगायची, हिकडं आमच्या पाण्याची हीर हुती. एका उन्हाळ्यात बुजवली."

"कुणी बुजवली, आज्जी?" शुभांगीनं विचारलं.

"नाव तिनं कधी घेतलं न्हाय."

उताऱ्यावर ती पट्टी आज्यापासून आमची, पण कसत आले ते वडीलच. वडिलांनी तिथं कधी ऊस लावला नाही, कायम जोंधळा — उसाला पाणी पाजलं तर भराव खचेल म्हणून, हे आत्ता कळलं. का म्हणून विचारलं की "तुला काय करायचंय" म्हणायचे. त्यांच्याशिवाय दुसरं कोण बुजवणार?

मग ते नाव मी घेतलं. वडिलांचं, आडनावासकट, सगळ्या गावापुढं.

रखमाक्का म्हणाली, "मला ठावं हाय. तुला ठावं हाय का, तेवढं बघायला आलते."

अंगणवाडी रस्त्याकडच्या माझ्या दुसऱ्या तुकड्यात झाली. पाटीवर नुसतं गावाचं नाव आहे, मीच तसं सांगितलं. विहीर उपसून कठडा बांधलाय. पाणी आहे.

मॅडम म्हणतात, लहानपणी काहीतरी कानावर पडलं असेल, ते मनात राहिलं आणि हातातून उतरलं. असेल. मी म्हटलं, मग परगावच्या सुनांनी बांगडी कशी ठेवली? मॅडम म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही, आप्पा." शिकलेली बाई असं सरळ म्हणाली, हे मला आवडलं.

प्रबंध पुरा करायच्या वेळी शुभांगी परत आलती.

"आप्पा, प्रत्येक माहितीपुढं ती कुणी दिली ते लिहावं लागतंय. विहिरीपुढं काय लिहू?"

"माझं नाव लिही."

"पण तुम्ही तर आठवत न्हाय म्हणता."

"हात माझा हाय न्हवं? लिही."

तिनं लिहिलं. पास झाल्यावर एक प्रत मला आणून दिली. ते पान मी अधूनमधून उघडून बसतो. माहिती देणारा म्हणून माझंच नाव छापलंय... पण मला ती कुणी दिली, ते आजपर्यंत कळलेलं नाही.